‘भांडं’ गाण्यात का चालत नाही?

‘मराठीत तसलं म्युझिक शोभत नाही.’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता रागच येतो. आधी स्वतःचा.

‘मोल्चात दोमा’ हा मिन्स्कमधल्या तिघांचा बँड. २०१८ साली त्यांचा ‘एताझी’ म्हणजे ‘मजले’ हा अल्बम आला. पोस्ट-पंक आणि डार्कवेव्ह: ड्रम मशीनचा कोरडा ठोका, थंड सिंथ, पुढे पळणारा बेस आणि मागच्या खोलीतून आल्यासारखा सपाट आवाज. नऊ गाणी, सगळी रशियन. त्यातलं ‘सुदनो’ २०२० मध्ये टिकटॉकमुळे जगभर पोचलं. आमच्या टीममधले कितीतरी जण डिप्लॉयमेंटच्या रात्री ते लावतात. रशियन कुणालाच येत नाही.

‘सुदनो’ म्हणजे काय, माहितीये? बेडपॅन. शब्द बोरिस रिझी या कवीचे. २००१ मध्ये तो गेला तेव्हा २६ वर्षांचा होता. जग ज्यावर डोलतंय ते गाणं आजारपणातल्या त्या भांड्याचं आहे.

आमच्या घरी त्याला ‘भांडं’च म्हणायचे. मंडईमागच्या दोन खोल्यांत आजीची शेवटची वर्षं अंथरुणात गेली. रात्री ती हाक मारायची, ‘भांडं दे रे.’ इंजिनिअरिंगला असताना मी त्यावर गाणं लिहिलं आणि कॉलेजच्या बँडला दाखवलं. सगळे हसले. मीही हसलो आणि फाइल बंद केली. मग आम्ही इंग्रजीत पावसावर गाणं केलं. टाळ्या पडल्या.

म्हणजे अडचण भाषेची नव्हतीच. याच भाषेत मर्ढेकरांनी मेलेल्या उंदरांवर कविता लिहिली. ‘काही कविता’ १९४७ ची, तिच्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला. ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. कवितेला जे चालतं ते गाण्याला का चालू नये? गाणं म्हटलं की आपल्याला भक्ती हवी, नाहीतर प्रेम, नाहीतर महाराजांचा जयघोष. आणि वर तयार गळा. थकलेल्या माणसाचा साधा, न सजवलेला आवाज आपल्याला बेसूर वाटतो. रशियनमध्ये तोच ‘व्हाइब’ होतो, कारण तिथे शब्द कळत नाहीत. मराठीत कळतात. आपण घाबरतो ते त्या कळण्याला.

‘हे आपलं नाही, परकं आहे’ म्हणणाऱ्यांनी एकदा मंडईत यावं. १८८६ ची गॉथिक इमारत, वर अष्टकोनी मनोरा, जुनं नाव रे मार्केट. शैली आली ती थेट युरोपातून. आपण तिच्याखाली कांदे-बटाटे मांडले, भावावरून भांडलो, समोर गणपती बसवला. आज तिला परकी म्हणून दाखवा! ‘तांबडी चामडी’ने मराठी हाउसच्या ठोक्यावर नीट बसते हे दाखवलंच आहे. पण ती नाचाची गोष्ट झाली. दुखण्याची अजून बाकी आहे.

त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. लॅपटॉप, फुकटचं ड्रम मशीन आणि दार बंद होणारी एक खोली पुरते. हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे आहे.

मी ती फाइल परत उघडलीये. पहिली ओळ तीच ठेवणार आहे, आजीची. या वेळी कुणी हसलं, तर हसू दे. मी हसणार नाही.