चेंबर कुणाचं?

रमजान आठवड्यावर आला होता आणि आमच्या अंगणातलं चेंबर तुंबलं. मोरीतून पाणी उलटं येऊ लागलं. वजूला बसायचीही पंचाईत झाली.

भिंतीपलीकडे चाचींचं घर. मुळात दादांनी बांधलेलं हे एकच घर. अब्बा आणि चाचा यांची वाटणी झाली तेव्हा मध्ये भिंत आली. वाटणीपत्रात खोल्या, अंगण, शेवग्याचं झाडसुद्धा लिहिलेलं आहे. गटाराबद्दल मात्र एक शब्द नाही.

आम्ही चाचींना म्हणालो, "तुमचंही पाणी याच चेंबरला येतं. सफाईचा खर्च निम्मा निम्मा करू." चाची म्हणाल्या, "आमची लाइन वेगळी आहे, बेटा. तुझ्या चाचांनी मागच्या गल्लीत काढली होती." आमच्या तोंडून निघून गेलं, "मग इतकी वर्षं तुमची घाण आम्ही उगाच उपसतोय का?" शब्द गेला तो गेला. चार दिवस भिंतीवरून सालनाची वाटी इकडून तिकडे गेली नाही.

वर्गात आम्ही मुलांना सांगतो की अंदाज वेगळा आणि पुरावा वेगळा. घरात मात्र आम्ही अंदाजावरच भांडत होतो. रविवारी प्लंबरला बोलावलं आणि चाचींनाही अंगणात खुर्ची टाकली.

तपासणी अगदी साधी होती. चेंबरचं झाकण काढून थोडा वेळ उघडं ठेवलं, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग दोन्ही घरांतले सगळे नळ बंद केले. बादलीभर पाण्यात लाल रंगाची पुडी कालवून ती चाचींच्या संडासात ओतली. चेंबरमध्ये काही आलं नाही. चाची आमच्याकडे बघत होत्या. मग तसंच लाल पाणी त्यांच्या मोरीत ओतलं. थोड्याच वेळात आमच्या चेंबरच्या एका तोंडातून लाल धार आली. म्हणजे चाचांनी संडासाची लाइन मागे नेली होती, मोरी जुन्याच लाइनवर राहिली होती. चाची निम्म्या खऱ्या, आम्हीही निम्मे खरे.

पण तुंबलं कशानं? प्लंबरनं रस्त्याच्या बाजूला सळई घातली, ती आठ फुटांवर अडली. तिथून निघाला गोठलेल्या तेलाचा गोळा, शाम्पूच्या पुड्या आणि आमच्या धाकट्याचा मोजा. शिवाय तीन वर्षांपूर्वी गच्चीवर बांधलेल्या बाथरूमचं पाणी आम्हीच, कुणाला न विचारता, याच चार इंची पाइपाला जोडलं होतं. आम्ही चाचींना म्हणालो, "चूक आमची. त्या दिवशी बोललो तेही चुकलं." त्या दिवशीचा पूर्ण खर्च आम्ही दिला.

वाचकांसाठी यातून निघालेल्या चार गोष्टी.

एक, लाइनचे तुकडे वेगळे धरावेत. जोडापर्यंतचा भाग ज्याचा त्याचा. जोडापासून रस्त्यातल्या मुख्य लाइनपर्यंतचा भाग सामाईक, तिथला खर्चही सामाईक. रस्त्यातल्या मुख्य लाइनसाठी पालिकेकडे अर्ज करावा.

दोन, "माझ्या अंगणातून तुमची लाइन नको" म्हणत पाइप बुजवू नये. १८८२ सालचा सुविधाधिकाराचा कायदा आहे. एका घराचे वाटे पडले आणि जुन्या निचऱ्याशिवाय एखादा वाटा वापरताच येत नसेल, तर तो निचरा चालू ठेवण्याचा हक्क मिळू शकतो. वाद वाढलाच तर आधी वकिलाला कागद दाखवावेत.

तीन, नवी लाइन टाकताना उतार बघावा. चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांमागे एक फूट उतार लागतो. वळणावर आणि जोडावर चेंबर हवंच.

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. पैसे वाचवायला कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सळईनं किंवा मशीननं काम होतं.

संध्याकाळी आम्ही पट्टी-पेन्सिल घेऊन दोन्ही घरांच्या लाइनचा नकाशा काढला. कुठला पाइप कुणाचा, कुठून पुढे सामाईक, खर्च कसा वाटायचा, हे खाली मराठीत आणि चाचींसाठी उर्दूत लिहिलं. दोन्ही घरांनी सह्या केल्या आणि एकेक प्रत वाटणीपत्राला जोडली.

चाचांना हे सगळं तोंडपाठ होतं. ते होते तेव्हा आम्ही कधी विचारलं नाही. तुमच्या घरी असं माहीत असलेलं कुणी वडीलधारं असेल, तर या सुट्टीतच कागद घेऊन त्यांच्यापाशी बसा.