सरस्वतीचा उपासक आणि तूरडाळ

"लिहिण्याचे तुम्हांला मिळतात तरी किती हो?"

आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर दर दिवाळीला मला हा प्रश्न विचारतात. मी खरा आकडा सांगतो. मग ते मयताला आल्यासारखा चेहरा करून म्हणतात, "अरेरे! मग लिहिता कशाला?"

लिहिणं सोडून पाहिलंय मी. तीन महिने सोडलं होतं. त्या तीन महिन्यांत घरात इतकं बोललो, की शेवटी बायकोनंच कागद आणून पुढ्यात ठेवले. तेव्हा लिहिणं काही सुटायचं नाही. त्याबद्दल माझी तक्रारही नाही. माझं भांडण आहे ते आमच्या या खोडीचं भांडवल करणाऱ्यांशी!

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लागली. उत्तम झालं. पण परवा अशाच एका अंकाच्या संपादकांचा फोन आला. लेख हवा होता. मी चाचरत मानधनाचं विचारलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग दुखावलेला आवाज : "अहो, तुमच्यासारख्या सरस्वतीच्या उपासकानं हे विचारावं? अंक आपला घरचाच आहे!"

आता बघा. कागदवाल्याला पैसे, छापणाऱ्याला पैसे, बांधणाऱ्याला पैसे, विकणाऱ्याला कमिशन. सगळे परके, एकटा लेखक तेवढा घरचा!

आमच्याकडे नळ दुरुस्त करायला येतो तो मुलगा शीळ घालत काम करतो. कामात अगदी रंगलेला असतो. म्हणून "तुला आनंद मिळाला ना? मग पैसे कसले?" असं त्याला कोणी विचारतं का? विचारून पाहा. तो पाना घेऊन जाईल आणि नळ तसाच ठेवील.

यावर कोणीतरी केशवसुतांचं नाव काढतोच. "त्यांना कुठे काय मिळत होतं?" कबूल. ते मास्तरकी करून कविता लिहीत राहिले, १९०५ साली प्लेगनं गेले आणि त्यांचा संग्रह निघाला तो त्यानंतर. पण यात थोरवी केशवसुतांची; आपण मिरवावं असं त्यात काय आहे? भक्त उपाशीपोटी भजन करतो, हे देवळाच्या ट्रस्टींनी अभिमानानं सांगू नये.

व्याख्यानाला बोलावलं, की शाल आणि श्रीफळ. घरात अकरा शाली झाल्या आहेत. नारळांची निदान चटणी होते. शाल घेऊन तूरडाळ देणारा वाणी मात्र मला अजून भेटलेला नाही.

लेखन ही साधना आहे, मान्य. पण ती आमची. तुमच्याकडे निघतं ते बिल!

हे वाचून मॅनेजरसाहेब "अगदी बरोबर बोललात!" म्हणणार, याची मला खात्री आहे. पुस्तक अर्थात माझ्याकडूनच मागून नेतील.