शिंजीर काळा की निळा?

फाल्गुनात पांगारा फुलतो आणि परसातली मंडळी बोलू लागतात. जास्वंदीवर शिंजीर, विजेच्या तारेवर दयाळ, कढीपत्त्यात शिंपी. अभ्यासाला बसलं तरी कान कुठं ऐकतात! मग कॅमेरा नाहीतर बाबांचा फोन घेऊन धावायचं आणि फोटो पाहून म्हणायचं, "शी, नुसता काळा ठिपका!"

मित्रांनो, शिंजिराच्या नराचं एक गुपित आहे. विणीचा काळ सोडला, तर तो बराचसा मादीसारखा दिसतो. पाठ मळकट, पोट पिवळसर, मधून एक गडद पट्टा. वसंतात मात्र अंगभर चमकदार निळा-जांभळा. पण हा निळा शाईसारखा नसतो बरं का. पिसांची सूक्ष्म रचनाच अशी, की ठरावीक कोनातूनच ती चमक दिसते. मोरपीस उन्हात हलवून पाहा, तोच प्रकार. म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी हवा. तो पक्ष्याच्या मागं गेला, की महागातल्या कॅमेऱ्यालाही काळा ठिपकाच मिळणार!

दयाळाचं उलटं. तो काळा-पांढरा, आणि दुपारच्या उन्हात त्याचा पांढरा भाग चुना फासल्यासारखा येतो. सकाळी 7 च्या सुमाराचं कोवळं ऊन उत्तम. त्याच्यामागं धावू नका. गाण्याची त्याची जागा बहुधा ठरलेली असते, तिथंच वाट पाहा. मातीच्या परळात पाणी ठेवून शेजारी वाळकी फांदी रोवली, तर पाण्यावर येणारे पाहुणे आधी तिच्यावर टेकतात. खोलीतला दिवा घालवून पडद्याआड बसा. परळ मात्र रोज घासायचा!

आता थोडं कडक बोलतो. घरट्याचे फोटो नकोत. शिंजिराची मादी कोळ्याचे धागे वापरून लोंबतं घरटं विणते. फोटोत आडवी येतात म्हणून पानं तोडली, की पिलांवर थेट ऊन आणि कावळ्याला वाट मोकळी. आपण तिथं उभे, तोवर आई चोचीत किडा धरून लांबच घुटमळते. आत पिलं उपाशी. फोनवर दयाळाचा आवाज लावून त्याला बोलावणंही नको. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो बिचारा सगळं सोडून भांडायला येतो. आई-बाबा, हे तुम्हांलाही लागू!

प्रत्येक फोटोबरोबर वहीत तारीख, वेळ आणि झाडाचं नाव लिहा. तुमच्या जास्वंदीवरचा शिंजीर यंदा कधी निळा झाला आणि पुढच्या वर्षी कधी होतो, ते ताडून बघता येईल.