एडीची खरी परीक्षा पायांची

महाविद्यालयीन बास्केटबॉल गाजविणारा सेंटर व्यावसायिक मैदानात टिकेलच असे नाही. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी २०२३ व २०२४ मध्ये सलग अमेरिकेतील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला. तरीही सात फूट चार इंचांच्या या कॅनडाच्या खेळाडूला 'एनबीए'च्या निवडीत नववा क्रमांकच मिळाला. निवडकर्त्यांची शंका अनाठायी नव्हती. महाविद्यालयात बास्केटखाली ठाण मांडून बचाव करता येतो. 'एनबीए'त प्रतिस्पर्धी जवळ नसेल तर तीन सेकंदांत जागा सोडावी लागते. मेम्फिसकडून पहिल्याच हंगामात नवोदितांच्या पहिल्या संघात स्थान मिळवून एडीने ही शंका बरीचशी दूर केली. मात्र २०२५ मध्ये त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ग्रेग ओडेनची आठवण झाली. २००७ च्या निवडीतील तो अव्वल सेंटर गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जेमतेम १०५ सामने खेळू शकला.