ओढा, खाचर आणि आपण

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा ऐकतच आमची पिढी लहानाची मोठी झाली. शाळेच्या भिंतीवर ती होती, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर होती, निबंधाच्या वहीत तर होतीच. घोषणा चांगली आहे. तिच्याशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. परंतु पाणी अडवायचे कोठे, जिरवायचे कोणाच्या रानात आणि हे ठरवायचे कोणी, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या घोषणेत मिळत नाहीत. माझ्या गावाच्या अनुभवावरून मला असे वाटू लागले आहे की, ही उत्तरे मिळाल्याशिवाय ओढ्यात कुदळ मारू नये.

माझे गाव आहुपे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर ते वसले आहे. आहुपे घाटाने उतरले की खाली कोकणात, मुरबाड तालुक्यातील खोपिवलीला जाता येते. गावाजवळच्या डोंगरात उगम पावून घोड नदी मात्र पूर्वेला वाहत जाते. डिंभे येथे तिच्यावर धरण झाले. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. ज्या आंबेगावाच्या नावाने आमचा तालुका ओळखला जातो, ते मूळ गाव याच जलाशयात गेले. पुढे घोड भीमेला मिळते. म्हणजे आमच्या शिवारातील ओहोळ हे भीमेचेच पाणी आहे. असे असूनही आमच्याकडे वैशाखात बायामाणसांना झऱ्याजवळ हंडा लावून बसावे लागते. आषाढात घराबाहेर पडता येऊ नये इतका पाऊस आणि वैशाखात घोटभर पाण्याची वाट! हा दोष पावसाचा खास नाही. पाऊस थांबत कोठे नाही, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या घरची चार खाचरे ओढ्याकाठी आहेत. सर्वांत खालच्या खाचराला उपळ होता. जमिनीतूनच पाणी पाझरे आणि माघ महिन्यापर्यंत पाय घोट्याएवढा रुते. घरात त्याला आम्ही ‘पाणथळी’च म्हणत असू. भात तेथे निम्मेच येई. पण पहिल्या पावसात चढणीचे मासे तेथेच सापडत, खेकडे तेथेच मिळत, आणि उन्हाळ्यात गुरांना हिरवा चारा असे तो त्याच तुकड्यात. आजोबा म्हणत, “त्याला भात मागू नका रे, ते बाकीच्या तिघांना पाजतंय.” आम्हांला ती म्हाताऱ्या माणसाची समजूत वाटे.

काही वर्षांपूर्वी एका योजनेतून ओढ्याचे खोलीकरण झाले. योजना कोणती, खाते कोणते, हे सांगून काही साधणार नाही. यंत्र आठ दिवस चालले. दोन वळणे कापून ओढा सरळ केला गेला. काठची वाळुंज आणि उंबर निघाले, तळातील गोटे निघाले, उकरलेली माती काठावरच रचली गेली. आम्ही नाखूश नव्हतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाणथळी कोरडी होऊन एक चांगले खाचर पदरात पडेल, या आशेने वडिलांनी आनंदाने सही दिली. पहिल्याच पावसाळ्यात काठावरची माती परत ओढ्यात गेली. दुसऱ्या वर्षी काठ ढासळला आणि आमचा एक बांध घेऊन गेला. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात, नेमके भात निसवायच्या वेळी, पंधरा दिवस उघडीप पडली आणि वरच्या खाचरांनाही भेगा गेल्या. पूर्वी असे कधी झाले नव्हते. आजोबांच्या बोलण्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला. पण ते ऐकायला आजोबा नव्हते.

भूगोलाच्या तासाला याचे कारण समजले. वळणे काढली की ओढ्याची लांबी घटते, उतार वाढतो आणि पाणी वेगाने धावते. वेगवान पाणी तळ खरवडते. तळ खाली गेला की शेजारच्या खाचरांच्या मुरुमात साठलेले पाणी त्या चरात निथळून जाते. खोल केलेला ओढा दिसायला तलावासारखा दिसतो, पण उतारावरच्या शेतीत तो पाणी साठवण्यापेक्षा ते उपसण्याचे कामच अधिक करतो. उंबराची मुळे, तळातले गोटे, वळणावरचा डोह ही सारी पाण्याचा वेग कमी करणारी साधने होती. ती आम्ही कचरा म्हणून काढून टाकली.

हा प्रश्न केवळ आमच्या ओढ्याचा नाही. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात राज्यभर नाल्यांचे खोलीकरण झाले आणि त्यावर जाणकारांत मोठा वाद झाला. काही गावांना लाभ झाला, हे खरेच आहे. तथापि 2020 मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने, भूजलाची पातळी वाढविण्यात या अभियानाला फारसे यश आले नाही, असा शेरा मारला. एका गावचे औषध दुसऱ्या गावाला जसेच्या तसे देता येत नाही, एवढा बोध तरी त्यातून घ्यावा. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही कमी पावसाची गावे. तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने कामे झाली, हा त्यांचा गुण घ्यावा. पण त्यांचे चर आमच्या डोंगरावर मोजून आणू नयेत.

पाणथळ जागांविषयी आपला कायदा काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. इराणमधील रामसर येथे 1971 मध्ये पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. 2008 मध्ये त्याच कराराच्या सदस्य देशांनी भातखाचरांचे पाणथळ म्हणून असलेले महत्त्व ठरावाने मान्य केले. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी ही स्थळे आज रामसरच्या यादीत आहेत. आपल्या देशाच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र भातखाचरे आणि नदीचे पात्र ही दोन्ही व्याख्येतून वगळली. शेतकऱ्याच्या नित्याच्या कामात कायद्याची आडकाठी नको, ही त्यामागची अडचण मी समजू शकतो. पण परिणाम असा की, आमच्या पाणथळीसारख्या तुकड्याला वाली कोणीच नाही. ती शेतीखात्याच्या दृष्टीने नापीक जमीन आणि पर्यावरणवाल्यांच्या दृष्टीने शेत!

येथे कोणी म्हणेल, मग ओढ्याकाठची शेती सोडून द्या, निसर्ग आपले काम करील. असे म्हणणाऱ्याने एकदा आमच्याकडे आवणीला यावे. कमरेत वाकून रोप लावताना जमिनीची किंमत कळते. आमच्या घरांना गुंठ्यांचा हिशेब करावा लागतो. नाचणी-वरई डोंगरउतारावर, इंद्रायणी खाचरात, हिरड्याचे चार पैसे, आणि उरलेले दिवस नारायणगाव-मंचरकडे मजुरी. अशा घराला ‘दोन गुंठे ओढ्याला सोड’ म्हणणे सोपे नाही. शिवाय अडचणीही आहेत. ओल वाढली की खेकडे बांध पोखरतात आणि तण माजते. 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाल्यापासून ‘संरक्षण’ हा शब्द ऐकला की आमची माणसे दचकतात. रक्षण करायचे म्हणजे आम्हांला वगळायचे, असा त्याचा अर्थ त्यांच्या मनात बसला आहे. तो पुसल्याशिवाय कोणतेही काम टिकणार नाही.

यावर वाट आमच्याच परंपरेत आहे, असे मला वाटते. आमच्या महादेव कोळी समाजात पडकईची रीत आहे. कापणी उरकली की काही घरे एकत्र येतात, आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या, असे पाळीपाळीने श्रम करून खाचरे घडवितात. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या भागात पडकईच्या कामाला बळ दिले. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक त्या संस्थेला मिळाले. पडकईचे मर्म केवळ हाताच्या श्रमात नाही. दहा घरे एकत्र बसून पाणी कोठून येईल, कोठल्या सांडीतून कोणाच्या खाचरात उतरेल, हे आधी ठरवितात, त्यात ते आहे.

त्याच आमच्या तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली. डोंगरावर यंत्राने झालेले सपाटीकरण आणि पाण्याला न ठेवलेली वाट यांची त्यानंतर पुष्कळ चर्चा झाली. अतिवृष्टी हे तर कारण होतेच. दोष वाटण्याचा मला अधिकार नाही. परंतु उतारावर पाण्याची वाट न आखता जमीन हलविणे हा जिवाशी खेळ आहे, एवढे त्यानंतर आम्हां सर्वांना कळायला हवे होते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. ओढ्याचा आराखडा कचेरीत न होता शिवारात फिरून व्हावा, आणि एकदा नव्हे, दोनदा: श्रावणात पाणी कोठे धावते ते पाहण्यासाठी आणि चैत्रात ओल कोठे टिकते ते पाहण्यासाठी. सोबत गावातील जुनी माणसे आणि पाणी भरणाऱ्या बाया असाव्यात, कारण झऱ्याची खरी माहिती त्यांना आहे. कामाला आरंभ माथ्यावरून व्हावा. देवराई आणि तिच्यातील झरे प्रथम सांभाळावेत. ओढ्याला जागा देताना उत्तम खाचराला हात लावू नये. ज्या तुकड्यात भात निम्मेच येते, तोच प्रथम घ्यावा. वळण परत द्यावे, काठाला वाळुंज, उंबर, करंज लावावेत, दगडाचे ठेंगणे बांध घालावेत. एका काठावर दोन वर्षे पाहून मगच पुढे जावे. आणि ज्याचा तुकडा जातो त्याला भरपाई मिळावी. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानेच देशाला दिली. त्या योजनेतून काठ राखण्याची मजुरी का मिळू नये? आमचे गाव अनुसूचित क्षेत्रात आहे, 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. मग सही एकट्या शेतकऱ्याची न घेता ग्रामसभेत चर्चा करून ठराव का होऊ नये?

आपल्या महाविद्यालयात खालच्या गावांतील पुष्कळ मित्र आहेत. त्यांच्या उसाला आणि भाजीला कालव्याचे पाणी मिळते. आमचा काठ ढासळला की माती वाहत जाऊन बसते ती त्यांच्याच धरणात. तेव्हा वरच्या गावाने ओढा राखण्याचा खर्च खालच्या गावाने थोडा सोसावा, असे मी म्हटले तर ते भीक मागणे ठरू नये.

गेल्या उन्हाळ्यात वडिलांनी आणि मी पाणथळीच्या तोंडाशी पाच वाळुंजाच्या फांद्या रोवल्या. त्यांतल्या तीन जगल्या. खाचर अजून पूर्वीसारखे झालेले नाही. पण यंदा दिवाळीपर्यंत तेथे ओल होती, आणि शेजारच्या काकांनी विचारले, “आमच्या कडेलाही दोन लावायच्या का रे?” त्यांना मी हो म्हटले आहे.