विम्याची वैद्यकीय तपासणी

आयुष्याचा विमा उतरवितांना होणाऱ्या तपासणीचें आमच्या शेतकरी बंधूंस उगीच भय वाटतें. उंची, वजन, पोटाचा घेर, नाडी व रक्तदाब पाहतात, लघवी तपासतात, रक्कम मोठी वा वय अधिक असल्यास उपाशीपोटीं रक्त घेतात व हृदयाचा आलेख काढतात. खरी काळजी अर्जांतील उत्तरांची घ्यावयास हवी. तंबाखू, मधुमेह, पूर्वीची शस्त्रक्रिया यांपुढें एजंट पुष्कळदां परभारें 'नाहीं' लिहितो, आणि शेतकरी डोळे मिटून सही करतो. (बियाण्याच्या पिशवीसाठीं मात्र तो चार दुकानें हिंडतो!) डॉक्टरनें तपासलें म्हणजे आपली जबाबदारी संपली, असें नव्हे. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमांत २०१५ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें ३ वर्षें लोटल्यावर कंपनीस आयुर्विम्याविषयीं हरकत घेतां येत नाहीं; तत्पूर्वीं मात्र महत्त्वाची गोष्ट लपविल्याचें दिसल्यास ती दावा नाकारूं शकते, आणि तो आघात विधवेवर पडतो. खरें सांगितल्यानें हप्ता वाढेल, क्वचित् विमाही मिळणार नाहीं. तरी आमच्या मतें तें पत्करावें. अर्ज घरीं आणून शिकत्या मुलामुलींकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा, उत्तरें स्वतः सांगावीं, मगच सही करावी. एक प्रत कारभारणीच्या हातीं द्यावी.