पेढे आधी, हिशेब मागून

बारावीचा निकाल लागला की आमच्या गावात पेढ्यांचे पुडे फिरू लागतात आणि त्यांच्यासोबत एकच प्रश्न फिरतो, "मग, इंजिनिअरिंगच ना?" मुलाच्या वतीने बाप उत्तर देतो, बापाच्या वतीने मामा, ज्याला चार वर्षे बाकावर बसावयाचे आहे तो मात्र पाहुण्यांसाठी पाण्याचे तांबे भरीत असतो. दिवाळीच्या फराळालाही हीच चर्चा रंगते, म्हणून भांडण आजच उकरून काढतो. वाचकांनी राग मानू नये. मानला तरी हरकत नाही.

माझा एक विद्यार्थी होता. विहिरीवरची मोटर बिघडली की सारी आळी त्याला हाक मारी. गणिताच्या तासाला मात्र त्याचा चेहरा उतरे. दहावीनंतर त्याने आयटीआयचे नाव काढले, तेव्हा वडील मला म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच समजवा याला. आमच्या घरात कुणी साहेब व्हायला नको का?" आणि मी समजावले! ते पाप माझे आहे. पुढे कर्ज काढून त्याला खाजगी महाविद्यालयात घातले. दुसऱ्या वर्षी गणिताचे पेपर तुंबले, तिसऱ्या वर्षी पोर घरी आले. पदवी आली नाही; बँकेचा हप्ता मात्र बिनचूक आला.

आता हिशेब मांडू. वर्षाची फी सव्वा लाख धरली तर चार वर्षांचे पाच लाख. खोली आणि खाणावळ महिन्याला आठ हजार, वर्षाचे दहा महिने धरले तर आणखी तीन लाख वीस हजार. कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, हे सर्वांना आवडते. व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढते, हे कोणी विचारीत नाही. बैल घेताना दात मोजणारे आपण इथेच कसे आंधळे होतो?

सवलती नाहीत असे नाही. पात्र घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी २०२४-२५ पासून राज्य सरकारने माफ केली आहे. त्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. परंतु प्रवेश सरकारी फेरीतून हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली की ती सवलत गेली. आणि माफी फीची आहे, खाणावळीची नव्हे.

कोणी म्हणेल, "म्हणजे गरिबाच्या पोरांनी पाने-पक्कडच धरावी काय?" मुळीच नाही! सुताराच्या मुलीला गणिताची गोडी असेल तर तिने प्रत्येक सवलत हक्काने पदरात पाडून घ्यावी आणि इंजिनिअर व्हावे. परंतु प्राध्यापकाच्या मुलाला रंध्याची गोडी असेल तर त्यालाही खुशाल आयटीआयला जाऊ द्यावे. माझे भांडण इंजिनिअरिंगशी नाही, न विचारता घेतलेल्या निर्णयाशी आहे. शिवाय वाट एकच नाही. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. नोकरी करता करता शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हावयास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंग ओळखण्यात त्यांची दृष्टी कमी पडते असे आढळले, तेव्हा ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. रंगांचा हट्ट धरला असता तर ना चित्रे झाली असती, ना नांगर.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकचे. तेव्हा कॉलेजविषयी बोलण्याचा मला अधिकार काय, असे विचारणारे भेटतात. अधिकार एवढाच, की चुकीचा सल्ला मी दिला आणि त्याचे हप्ते दुसऱ्याने भरले.

तो विद्यार्थी आता मोटारी दुरुस्त करतो, आणि उत्तम करतो. हेच त्याला कर्जावाचून करता आले असते. म्हणून सांगतो, या भाऊबिजेला भाच्याला "काय होणार?" असे विचारू नका. "काय जमते?" असे विचारा, आणि त्याने उत्तर दिले, तर मधे बोलू नका.